सहन करणे आणि हक्क मानणे : सोसायटीतील दोन अर्जांवरून

माहीमचा सचिव (प्रश्न)

आमची सहकारी गृहनिर्माण संस्था माहीममध्ये आहे. चार मजल्यांची, बत्तीस सदनिकांची जुनी इमारत आहे आणि गेली तीन वर्षे मी तिचा सचिव आहे. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर दोन अर्ज आले. त्या दोन अर्जांनी मला जेवढे गोंधळात टाकले तेवढे गळतीच्या किंवा पार्किंगच्या कोणत्याही भांडणाने टाकलेले नाही.

पहिल्या अर्जावर सहा सभासदांच्या सह्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरील एका ख्रिस्ती कुटुंबाकडे दर रविवारी सकाळी दहा-बारा माणसे जमतात, पेटीवर मराठी भक्तिगीते म्हणतात, प्रार्थना करतात आणि दीड तासाने निघून जातात. या प्रकारास समितीची परवानगी आहे काय, नसल्यास निवासी सदनिकेचा असा वापर समितीने का चालवून घेतला, असे त्या अर्जात विचारले आहे. दुसरा अर्ज त्याच कुटुंबाचा आहे. आमच्याकडे पाच दिवसांचा गणेशोत्सव होतो आणि त्याची दीड हजार रुपयांची वर्गणी ऑगस्टच्या देखभाल बिलातच लावली जाते. ती आपल्या बिलातून वगळावी, अशी त्यांची विनंती आहे. उत्सवाला आमचा विरोध नाही, मुलांच्या स्पर्धांना आम्ही येतो, मात्र पूजेसाठी पैसे देणे आमच्या श्रद्धेत बसत नाही, असे त्यांनी अतिशय सभ्य शब्दांत लिहिले आहे.

मी दोन्ही अर्जांना मिळून एकच उत्तर तयार केले. समितीने सहिष्णुतेच्या भावनेतून रविवारच्या प्रार्थनेला परवानगी द्यावी आणि त्या कुटुंबाने त्याच भावनेने वर्गणी द्यावी, असा त्याचा मथितार्थ होता. देवाणघेवाण बरोबरीची झाली, असे मला वाटले. समितीतील सर्वांत तरुण सदस्याने मसुदा वाचला आणि एवढेच विचारले की, कोणी आपल्या घरात देवाचे नाव घ्यायचे तर त्याला परवानगी देणारे आपण कोण? मला उत्तर देता आले नाही.

माझ्या मनातील गोष्टही सांगतो, कारण ती लपवून हा प्रश्न विचारणे अप्रामाणिकपणाचे होईल. रविवारी जिना उतरताना ती गाणी कानावर पडली की मी किंचित अस्वस्थ होतो. त्याचे कारण आवाज नव्हे. तळमजल्यावर शनिवारी हनुमान चालिसा याहून मोठ्या आवाजात होते आणि तिने मला कधी अस्वस्थ केलेले नाही. मी स्वतःला सहिष्णु समजत आलो आहे. मग ही अस्वस्थता कशाची? आणि धार्मिक स्वातंत्र्य जर खरोखर स्वातंत्र्य असेल, तर त्याची मर्यादा कोणी आणि कोणत्या मापाने ठरवायची? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. पुढील मासिक सभेपूर्वी मला दोन्ही अर्जांना उत्तर द्यायचे आहे.

गिरगावचा निवृत्त वकील

सचिव महोदय, आपल्या तरुण सदस्याने दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. ‘परवानगी’ आणि ‘सहिष्णुता’ हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. देणारा वर बसलेला आहे, घेणारा खाली उभा आहे, आणि देणाऱ्याच्या मनात आले तर तो उद्या नाही म्हणू शकतो, हे दोन्ही शब्दांत गृहीत धरलेले असते. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांत येथील फर्मानाने प्रॉटेस्टंटांना उपासनेची मुभा दिली आणि त्याचाच नातू चौदावा लुई याने १६८५ मध्ये ती काढून घेतली. जे राजाच्या औदार्याने मिळाले ते राजाच्या लहरीने गेले. हा धडा ज्यांना चांगला समजला होता त्यांपैकी जॉर्ज वॉशिंग्टन हे एक. अमेरिकेतील न्यूपोर्टच्या ज्यू समाजाला १७९० मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी असे म्हटले की, एका वर्गाच्या मेहेरबानीने दुसऱ्याला हक्क उपभोगता यावेत अशा अर्थाने सहिष्णुतेची भाषा आता बोलली जात नाही.

आपल्या संविधानाचा अनुच्छेद २५ याच पायावर उभा आहे. तो ‘नागरिकांना’ नव्हे तर ‘सर्व व्यक्तींना’ लागू आहे. शिवाय त्यात धर्माच्या आधी सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा उल्लेख येतो. धर्म प्रकट करणे, आचरणे आणि त्याचा प्रसार करणे हे नंतर. म्हणजे ज्याला कोणताच धर्म नाही त्यालाही हा अनुच्छेद आपल्या छायेखाली घेतो. त्याच वेळी या हक्काची सुरुवातच मर्यादांनी होते हेही ध्यानात घ्यावे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य, आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदी यांच्या अधीन राहूनच तो दिलेला आहे. त्याशिवाय धर्माशी निगडित आर्थिक, राजकीय व अन्य ऐहिक व्यवहारांचे नियमन करण्याचा आणि सामाजिक सुधारणेसाठी कायदे करण्याचा अधिकार राज्याने स्वतःकडे राखला आहे. ही यादी मी मुद्दाम पूर्ण सांगितली, कारण तिच्यात काय नाही हेही तितकेच महत्त्वाचे आहे. शेजाऱ्यांची नापसंती तिच्यात नाही आणि जिन्यावरची अस्वस्थताही नाही.

यांपैकी ‘नीतिमत्ता’ हा शब्द पुष्कळांना सैल वाटतो. आपल्या शहरापुरते बोलायचे तर १८६२ चा महाराज बदनामी खटला आठवावा. पुष्टिमार्ग या वैष्णव संप्रदायाच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे महाराजांच्या, वर्तनावर करसनदास मुळजी यांनी आपल्या गुजराती पत्रात टीका केली, महाराजांनी बदनामीचा दावा लावला, डॉ. भाऊ दाजींसारख्यांनी साक्षी दिल्या आणि त्या काळच्या मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी त्या वेळी सांगितले की, प्रश्न धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे. नीतीच्या दृष्टीने जे गैर ते धर्माच्या दृष्टीने योग्य ठरू शकत नाही, हे प्रतिवादीच्या बाजूचे तत्त्व त्यांनी उचलून धरले. संविधान अमलात येण्याच्या अठ्ठ्याऐंशी वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

आता एक कटू सत्यही सांगणे भाग आहे. अनुच्छेद २५ प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध वापरता येतो आणि गृहनिर्माण संस्था म्हणजे राज्यसंस्था नव्हे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला आणि त्यासाठी संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याचा आधार घेतला. मला व्यक्तिशः तो निकाल पटलेला नाही. समाजाच्या नावाने घरे वाटली गेली तर शहर आतून भिंतींनी चिरले जाईल, असे मला वाटते. तरीही आज कायदा तसा आहे. त्यामुळे ‘हे कुटुंब मूलभूत हक्काच्या नावाने आपल्याला न्यायालयात खेचेल’ अशी भीती मी आपल्याला घालणार नाही.

माझा मुद्दा निराळा आणि अधिक साधा आहे. आपल्या समितीचा सर्व अधिकार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि आपले उपविधी यांतून येतो. गच्ची, पाण्याची टाकी, उद्वाहन, हिशेब, दुरुस्ती या गोष्टींसाठी तो दिलेला आहे. कोणाच्या दिवाणखान्यात कोणता देव आळवला जावा, हे त्याच्या कक्षेत येतच नाही. जी गोष्ट समितीला नाकारता येत नाही ती तिला देताही येत नाही. दारावर पाटी लागली, अनोळखी लोकांसाठी दार खुले ठेवले, तेथे देणग्या गोळा होऊ लागल्या, तर सदनिकेचा वापर बदलला असे म्हणायला जागा होईल. दहा-बारा पाहुणे येऊन दीड तासाने गेले, याला वापर बदलणे म्हणत नाहीत; आपल्यापैकी कोणाकडे सत्यनारायण असला की याच्या तिप्पट चपला जिन्यात असतात.

आवाजाबद्दल मात्र मापे ठरलेली आहेत, आणि तीच आपल्या उपयोगाची आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा असतो; सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आणि पुढेही त्याचा पुनरुच्चार केला. आरती, अजान, भक्तिगीते आणि वरात या सर्वांना हे माप सारखेच लागू पडते. असे एक माप हाती असले की ‘मला आवडत नाही’ या वाक्याला तक्रारीत जागा उरत नाही.

वर्गणीविषयी एका निकालाचा दाखला देऊन थांबतो. केरळमधील तीन भावंडे, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची, शाळेत राष्ट्रगीत सुरू असताना आदराने उभी राहत. मात्र त्यांची श्रद्धा आड येत असल्यामुळे ती ते गात नसत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावले. आदर राखणे आणि सहभागी होणे यांत फरक आहे आणि दुसरी गोष्ट सक्तीने करवून घेता येत नाही, हे या निकालाचे सार आहे. आपल्याकडे अर्ज करणारे कुटुंब मंडपाचा आदर राखते आहे. त्यांना नको आहे तो पूजेतील सहभाग, आणि पैसा हाही सहभागच असतो. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर द्यायला कोणालाही भाग पाडता येणार नाही, असे अनुच्छेद २७ सांगतो. तो करापुरता आहे, आपल्या देखभाल बिलाला लागू नाही; परंतु त्यामागील विचार आपल्या समितीला परका वाटू नये.

माहीमचा सचिव

अतिशय आभारी आहे. एक गोष्ट मी मूळ प्रश्नात लिहिली नव्हती. तक्रार करणाऱ्यांपैकी दोघांनी मला खासगीत सांगितले की, त्यांना भीती धर्मांतराची वाटते. पुरावा कोणाकडेच नाही. तसेच, ‘अत्यावश्यक भाग’ ठरवायचा तो न्यायालयाने की त्या त्या धर्माच्या लोकांनी, हे मला समजले नाही.

भायखळ्याची वाचक

वकीलसाहेबांचे विवेचन वाचले आणि बहुतेक पटले. तरी या चर्चेत एक बाजू अजून आलेली नाही, म्हणून लिहिते. धार्मिक स्वातंत्र्याचा विषय निघाला की आपण लगेच दोन समाज समोरासमोर उभे करतो, जणू प्रत्येक समाज आतून एकजिनसी आहे. मी कोकणी मुसलमान घरातली आहे, घरात मराठीच बोलतो. माझ्या धर्माच्या बाबतीत मला सर्वांत जास्त अडवले ते माझ्याच माणसांनी. आमच्या नात्यातील एका मुलीने स्वतःच्या पसंतीने लग्न केले तेव्हा जमातीने त्या घराशी जाणे-येणे तोडले, मयतीला खांदा द्यायलाही कोणी आले नाही. बाहेरच्या एकाही माणसाने त्या घराला त्रास दिला नव्हता.

हाजी अली दर्ग्याचे उदाहरण मुंबईकरांना ठाऊक आहे. लहानपणी मी आईबरोबर थेट मजारीजवळ गेलेली आहे. पुढे विश्वस्तांनी स्त्रियांना तेथे मज्जाव केला आणि ‘आमच्या धार्मिक बाबींचे व्यवस्थापन करण्याचे आम्हाला स्वातंत्र्य आहे’ असा अनुच्छेद २६ चा आधार घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी तो मज्जाव रद्द केला आणि त्याच वर्षी विश्वस्तांनी सर्वोच्च न्यायालयात प्रवेश देण्याचे मान्य केले. याचिका मुसलमान स्त्रियांनीच केली होती. त्या धर्म सोडायला निघाल्या नव्हत्या. धर्माच्या अधिक जवळ जायला निघाल्या होत्या. अशा वेळी धार्मिक स्वातंत्र्य कोणाचे समजायचे, विश्वस्तांचे की त्यांचे?

या शहरातून निघालेला एक जुना वाद या प्रश्नाची कठीण बाजू दाखवतो. मुंबई राज्याने १९४९ मध्ये धार्मिक बहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द केला. समाजातून काढण्याचा अधिकार हा धर्माच्या व्यवस्थापनाचाच भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश सिन्हा यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले. बहिष्कृत माणसाला समाज कसा वागवतो, याचे अस्पृश्यतेशी असलेले साम्य त्यांना दिसले होते. पुढे महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध सर्व समाजांना लागू होणारा कायदा केला आणि १९६२ च्या निकालाचा फेरविचार करण्याचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. माझ्या नात्यातील मुलीच्या लग्नाच्या वेळी हा कायदा नव्हता. असता तरी त्या घराने तक्रार केली असती का, याची मला खात्री नाही. पोलीस ठाण्यात गेल्यावर परत त्याच गल्लीत यायचे असते.

आता ‘अत्यावश्यक भाग’ कोणी ठरवायचा, या सचिवांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. डॉ. आंबेडकरांनी २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले होते की, या देशात धर्माच्या कल्पनेने जन्मापासून मृत्यूपर्यंतचे सगळे आयुष्य व्यापले आहे, म्हणून ज्या गोष्टी स्वरूपतः धार्मिक आहेत त्यांच्यापुरतीच धर्माची व्याख्या आपण आवळली पाहिजे. धार्मिक काय आणि ऐहिक काय, एवढेच त्यांना वेगळे करायचे होते. न्यायालयांनी १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालापासून पुढे हळूहळू निराळा प्रश्न विचारायला सुरुवात केली: ही प्रथा त्या धर्माला अत्यावश्यक आहे का? वरवर दोन्ही सारखेच वाटतात. परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर न्यायाधीशाला मौलवी, शास्त्री आणि धर्मगुरू व्हावे लागते. मला विचाराल तर न्यायालयाने माझा धर्म मला समजावून सांगू नये. या प्रथेने कोणाचा हक्क हिरावला जातो, एवढे त्याने पाहावे. दर्ग्याचा दरवाजा उघडायला तेवढे पुरेसे होते.

दादरचा जुना रहिवासी

सर्वांचे लेखन वाचले. विद्वत्तेबद्दल आदर आहे, तरीही काही गोष्टी स्पष्टपणे सांगाव्याशा वाटतात.

सार्वजनिक गणेशोत्सव हा निव्वळ धार्मिक विधी नाही. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत तो १८९३ पासून चालतो आणि तेव्हापासून या शहरात तो शेजाऱ्यांना एकत्र आणण्याचे काम करीत आला आहे. मी ज्या चाळीत वाढलो तेथे तिसऱ्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब होते. ते दरवर्षी वर्गणी देत असे आणि कधी कुरकुर झाली नाही. आज वर्गणीला श्रद्धेचा प्रश्न केला जातो, उद्या मंडपाला केला जाईल, परवा कोणी म्हणेल की प्रवेशद्वारावरचे तोरण माझ्या श्रद्धेत बसत नाही. सगळे जण आपापल्या हक्काचा कागद हातात घेऊन जिन्यात उभे राहिले, तर शेजारधर्म नावाची काही गोष्ट उरेल काय?

सहिष्णुता एकतर्फी असू शकत नाही, हा माझा दुसरा मुद्दा. एखाद्या पंथाची शिकवणच अशी असेल की माझा देव खोटा आहे आणि माझ्या शेजाऱ्याने तो सोडावा, तर त्या शिकवणुकीपुढे मी किती काळ मान तुकवायची? ‘प्रसार’ या शब्दावर संविधान सभेतही आक्षेप घेतले गेले होते. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क प्रसारात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले आहे. सचिवांकडे आलेली भीती अगदीच अनाठायी आहे, असे मला म्हणवत नाही.

परळचा इतिहासाचा शिक्षक

दादरच्या काकांच्या चाळीतील आठवण खरी असेल, यात मला शंका नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला कोणी कधी विचारले होते काय? चाळीस बिऱ्हाडांत एकच घर वेगळे असते तेव्हा ते कुरकुर करीत नाही. त्याने आनंदाने दिले असेल, किंवा पाण्याच्या नळावर दररोज उभे राहायचे आहे म्हणून दिले असेल. न विचारल्यामुळे आपल्याला ते कधीच कळणार नाही. शेजारधर्माबद्दल मलाही आस्था आहे, परंतु ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्याच्याच ‘होय’ला शेजारधर्म म्हणावे. तोरणाचे म्हणाल तर, ते लावण्यासाठी कोणाच्या बिलात रक्कम चढवली जात नसेल तोपर्यंत त्यावर आक्षेप घेणाऱ्याला मीही सांगेन की, बाबा रे, एवढे चालवून घे. सहिष्णुतेची खरी जागा तेथे आहे. जे मला आवडत नाही, पण ज्याने माझे काही हिरावले जात नाही, ते चालवून घेणे म्हणजे सहिष्णुता. सचिवांना त्यांच्या अस्वस्थतेची लाज वाटण्याचे कारण नाही. अस्वस्थताच नसती तर सहन करण्यासारखे तेथे काय होते?

देव खोटा आहे, असे म्हणणाऱ्या शिकवणुकीबद्दल. सम्राट अशोकाचा बारावा शिलालेख या विषयावरच आहे. गिरनारच्या पाठात त्याने ‘वचिगुती’ असा शब्द वापरला आहे, म्हणजे वाणीचा संयम. आपल्या पंथाची अवाजवी स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा माणूस आपल्याच पंथाची हानी करतो, असे अशोक सांगतो. पंथांनी वाद घालू नये, असे त्याने म्हटलेले नाही. एकमेकांचा धर्म ऐकावा, असे म्हटले आहे. (मुंबईकरांसाठी आनुषंगिक माहिती : आपल्या शेजारच्या सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात तर तो जरूर पाहा.) मात्र अशोकाने हा संयम ज्याने त्याने स्वतःवर घालून घ्यावा, असे सांगितले. दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवण्याचा तो परवाना नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर दिले ते जोतीराव फुल्यांनी. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात त्यांनी एका कुटुंबाचे चित्र रेखाटले आहे. बाईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून हवे तर तो धर्म घ्यावा, तिच्या पतीने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्मी व्हावे, आणि सर्वांनी कोणाच्या धर्माचा द्वेष न करता एकाच घरात गोडीगुलाबीने प्रपंच करावा. या चौघांपैकी कोणीही दुसऱ्याकडे परवानगी मागत नाही. वाचायचे, पटले तर घ्यायचे, आणि सकाळी एकाच चुलीवरची भाकरी खायची. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आपल्याकडे अजून एका जिन्यावर हे जमत नाही. हे वाचताना मुलगी आणि आई यांनाही फुल्यांनी स्वतंत्र निवड दिली आहे, इकडे वर्गात माझे विद्यार्थी दरवेळी लक्ष वेधतात. भायखळ्याच्या ताईंनी जो मुद्दा मांडला तो तेथे आधीच आलेला आहे.

गिरगावचा निवृत्त वकील

दादरच्या मित्रांनी १९७७ चा निकाल अचूक सांगितला, परंतु अर्धा सांगितला. मला दुसऱ्याचे धर्मांतर ‘करण्याचा’ हक्क नाही हे खरे. त्याचे कारण न्यायालयाने असे दिले की, तसे केल्यास त्या दुसऱ्या माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यावरच घाला पडतो. आता हेच कारण उलटे लावून पाहावे. ज्या स्वातंत्र्यामुळे मी त्याला ओढू शकत नाही, त्याच स्वातंत्र्यामुळे तो स्वतःहून निघाला तर मी त्याला धरूनही ठेवू शकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी हेच केले आणि त्यासाठी कोणत्याही समितीला अर्ज दिला नव्हता. बळजबरी, फसवणूक किंवा आमिष यांची तक्रार असेल तर ती पुराव्यासह पोलिसांकडे जाते. पुरावा नसलेली भीती सोसायटीच्या इतिवृत्तात लिहू नये, एवढा व्यावहारिक सल्ला देतो.

भावना दुखावण्याविषयीही दोन शब्द लिहितो, कारण हे प्रकरण पुढे सरकले तर ते शब्द कोणीतरी काढणारच. भारतीय दंड संहितेचे कलम २९५-अ, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ झाले आहे, ते १९२७ मध्ये आले. धर्माचा अपमान बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला असावा, अशी त्याची अट आहे. आपल्या घरात आपल्या देवाला आळवणे हा कोणाचाच अपमान होत नाही.

दादरचा जुना रहिवासी

चाळीतल्या त्या कुटुंबाला कोणी विचारले नव्हते, हे मला मान्य करावे लागेल. वर्गणी गोळा करणाऱ्या मुलांत मीही असे. दार वाजवायचे, पावती फाडायची आणि पुढच्या दाराकडे जायचे, एवढेच आम्हाला ठाऊक होते. धर्मप्रसाराबद्दलचे माझे मत बदललेले नाही, पण देखभाल बिलाबद्दलचे बदलले आहे.

माहीमचा सचिव

काल मासिक सभा झाली. ‘परवानगी देण्यात येत आहे’ हे वाक्य मसुद्यातून काढले. पहिल्या अर्जाला असे उत्तर गेले की, सदनिकेतील खासगी प्रार्थना हा समितीच्या अखत्यारीतील विषय नाही, आवाजाची तक्रार असल्यास ती कोणत्याही सदनिकेविरुद्ध, वार आणि वेळ लिहून करावी, आणि तिला नियमांतील तीच मापे लावली जातील. शनिवारच्या हनुमान चालिसेच्या यजमानांनी ‘कोणत्याही’ या शब्दाबद्दल विचारले. मी होय म्हणालो. ते काही बोलले नाहीत.

वर्गणी देखभाल बिलातून काढण्याचा ठराव सात विरुद्ध दोन मतांनी संमत झाला. यापुढे उत्सवाचे पावती पुस्तक वेगळे असेल आणि ज्याला जेवढे द्यायचे तेवढे तो देईल. रक्कम किती कमी होईल, याची खजिनदारांना चिंता आहे. त्यांनी पाच दिवसांचे अंदाजपत्रक तीन दिवसांसाठीही करून ठेवले आहे.

सभा संपता संपता तरुण सदस्याने आणखी एक प्रश्न काढला. मंडपाच्या रोषणाईची वीज आम्ही आजवर जिन्याच्या सामाईक मीटरवरून घेत आलो आहोत आणि ते बिल बत्तीस सदनिकांत वाटले जाते. तो विषय पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला आहे. उत्सवापुरता तात्पुरता मीटर घ्यायला किती खर्च येतो, हे कोणाला ठाऊक असल्यास कळवावे.